दारापर्यंत आलेले पुस्तक : महाराष्ट्रातील दृष्टिहीनांच्या वाचनसेवेची वाटचाल

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे जागा कोणी दिली, कोनशिला कोणी बसवली, पहिले अध्यक्ष कोण, पहिला मजला कधी चढला, या क्रमाने जायचे, असा एक रिवाज आहे. दृष्टिहीनांच्या वाचनसेवेचा इतिहास या क्रमात बसत नाही. तिथे इमारती थोड्या आणि माणसे फार. कोणी पुस्तक ठिपक्यांत उतरवले, कोणी ते मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित केले, कोणी गठ्ठा बांधून टपालात टाकला आणि कोणा पोस्टमनने तो गावात नेऊन दिला. डोळस वाचक ग्रंथालयात जातो. दृष्टिहीन वाचकाकडे ग्रंथालयाला यावे लागते. या सेवेने शंभराहून अधिक वर्षांत जे काही कमावले, ते हे येणे सोपे करण्यासाठी.

मुंबईपासून सहाशे किलोमीटरवर, महागाव तालुक्यातल्या आपल्या फुलसावंगीत बसून हा इतिहास वाचायचा तो याच कारणाने. ही सेवा आपल्या उंबरठ्यापर्यंत कशी आली आणि शेवटचे पाऊल कोणी टाकायचे बाकी आहे, हे त्यातून कळते.

पूर्वपीठिका

दृष्टिहीन वाचकाचा विदर्भातला सर्वांत मोठा दाखला अमरावती जिल्ह्यातला आहे. संत गुलाबराव महाराजांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळी येथे झाला. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. पुढे ते माधानला राहिले. १९१५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला, तोवर त्यांच्या नावावर एकशे तीसहून अधिक लहानमोठ्या रचना झाल्या होत्या. प्रज्ञाचक्षू ही पदवी लोकांनी त्यांना उगीच दिली नाही. ग्रंथ इतरांकडून वाचून घ्यायचे, ऐकलेले ध्यानात ठेवायचे आणि स्वतःचे सांगून लिहवून घ्यायचे, अशी त्यांची अभ्यासाची रीत होती.

या चरित्राकडे आपण चमत्कार म्हणून पाहतो. ग्रंथालयाच्या नजरेने पाहिले तर त्यात एक व्यवस्थाही दिसते. महाराजांभोवती वाचून दाखवणारी आणि लिहून घेणारी माणसे होती. सामान्य शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरात जन्मलेल्या दृष्टिहीन मुलाला ती कुठून मिळणार? महाराजांना शिष्यांमुळे जे मिळाले ते कोणत्याही मुलाला हक्काने मिळावे, हाच या संस्थांच्या इतिहासाचा गाभा आहे.

अशा मुलांसाठी देशातली पहिली शाळा १८८७ साली ॲनी शार्प यांनी अमृतसरला काढली. महाराष्ट्रात १९०० साली मुंबईत अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी शाळा सुरू केली; आज ती दादरची अंध मुलींची शाळा म्हणून ओळखली जाते. पाठोपाठ १९०२ साली ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा उभी राहिली. मुले शिकू लागली, हस्तव्यवसाय आणि गायन-वादनात तयार होऊ लागली. वाचायला मात्र पुस्तकेच नव्हती.

एका देशात अनेक ब्रेल

लुई ब्रेल या फ्रेंच तरुणाने १८२९ साली आपली सहा ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके. कोणते ठिपके उठावाचे ठेवायचे यावरून त्रेसष्ट वेगवेगळ्या आकृत्या होतात आणि जगातली कोणतीही भाषा त्यांत बसवता येते. भारतात हा गुणच अडचणीचा ठरला. ज्याने त्याने आपल्या भाषेसाठी आपापली जुळणी केली. मिशनऱ्यांची एक, म्हैसूरकडची दुसरी, मुंबईच्या शाळेत डॉ. नीलकंठराय यांची तिसरी. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेतले पुस्तक वाचता येईना. मुळात पुस्तके मूठभर, त्यांतही अशी वाटणी.

हा गुंता सोडवण्यात दोन दृष्टिहीन माणसांचा मोठा वाटा आहे. एक न्यूझीलंडचे सर क्लुथा मॅकेन्झी. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत त्यांची दृष्टी गेली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते भारतात आले, डेहराडूनला अंध सैनिकांच्या पुनर्वसनाचे काम त्यांनी उभारले आणि नंतर युनेस्कोच्या वतीने जगभरच्या ब्रेल लिप्यांचा मेळ घातला. दुसरे लाल अडवाणी. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यात काम करताना त्यांनी सर्व भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल असावी यासाठी चिकाटीने प्रयत्न केले. १९५१ साली भारती ब्रेल स्वीकारली गेली आणि त्याच वर्षी डेहराडूनला केंद्रीय ब्रेल मुद्रणालय सुरू झाले.

भारती ब्रेलमध्ये उच्चार सारखा तर ठिपके सारखे. मराठीतला क, बंगालीतला क आणि तमिळमधला क बोटाला एकच लागतो. मराठी वाचकाला लागणारा ळ तिच्यात स्वतंत्र आहे. पहिली वेलांटी छापील अक्षरात व्यंजनाच्या आधी काढावी लागते. ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. पाटीवर लिहिताना सळईने कागदाला मागून टोचे द्यायचे असतात, म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचे डावीकडून उजवीकडे. सहा-सात वर्षांचे मूल हे दोन्ही दिशांचे गणित काही महिन्यांत सहज करू लागते.

नॅबची स्थापना

लुई ब्रेल यांचे निधन जानेवारी १८५२ मध्ये झाले. बरोबर शंभर वर्षांनी, १९ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली. पुढे साऱ्या देशाने तिला नॅब म्हणूनच ओळखले. शाळा आपापल्या परीने चालत होत्या. शाळा सुटल्यावर काय, या प्रश्नाला देशपातळीवर उत्तर देणारी संस्था तोवर नव्हती. शिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण, नोकऱ्या, अंधत्वाचा प्रतिबंध आणि वाचनसाहित्य अशी सगळी कामे नॅबने अंगावर घेतली. कॅप्टन एच. जे. एम. देसाई, स्वतः दृष्टिहीन असलेले राजेंद्र व्यास, क्रिकेटपटू विजय मर्चंट अशा माणसांनी या कामाला आयुष्याची अनेक वर्षे दिली. मर्चंट यांनी आपल्या उद्योगातील ओळखी वापरून दृष्टिहीनांना कामाला लावले. व्यास यांच्यासारख्या कार्यकर्त्यांमुळे निर्णयाच्या टेबलावर दृष्टिहीन माणूस लाभार्थी म्हणून नव्हे, पदाधिकारी म्हणून बसू लागला.

खेड्यापाड्यांना नॅबची ओळख झाली ती सप्टेंबर महिन्यातल्या अंध ध्वजनिधीमुळे. शाळेत गुरुजींनी दिलेले ते छोटे कागदी निशाण आपल्यापैकी अनेकांनी सदऱ्यावर लावले असेल. ते पैसे कुठे जातात, हे त्या वयात कोणी विचारले नाही. त्या नाण्यांतून उभ्या राहिलेल्या कामांतले एक काम पुस्तकांचे आहे.

बोलकी पुस्तके

ब्रेल ही साक्षरता आहे. शुद्धलेखन, गणित, स्वतःच्या हाताने टिपण काढणे हे ब्रेलशिवाय होत नाही. पण तिच्या काही मर्यादाही आहेत. जाड कागदावर उठावाचे ठिपके आले की पुस्तक फुगते. छापील एका पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पाने होतात. मध्यम आकाराची कादंबरी अनेक खंडांत जाते आणि कपाट भरून टाकते. शिवाय दृष्टी जन्मापासून नसते असे नाही. काचबिंदू, मधुमेह, अपघात यांमुळे उतारवयात ती गेली की बोटांना ठिपके शिकवणे अवघड जाते. अशा माणसाला ब्रेल ग्रंथालयाचा उपयोग नाही.

यावर तोडगा निघाला तो ध्वनिमुद्रणाचा. इंग्लंडमध्ये १९३५ साली, पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांना समोर ठेवून, तबकड्यांवरची बोलकी पुस्तके निघाली. पहिल्या दोन पुस्तकांत एक अगाथा ख्रिस्तीची रहस्यकथा होती, म्हणजे वाचकाच्या आवडीचा विचार पहिल्या दिवसापासून होता. आपल्याकडे ही सेवा खऱ्या अर्थाने पसरली ती टेप आणि कॅसेटमुळे. नॅबच्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी पुस्तके ध्वनिमुद्रित होऊ लागली. वाचणारे बहुतेक स्वयंसेवक : निवृत्त शिक्षिका, बँकेतले अधिकारी, गृहिणी, नाटकात काम केलेली माणसे.

हे वाचन दिसते तेवढे सोपे नाही. वाचून दाखवणाऱ्याने नाटक करायचे नसते. पात्रांचे आवाज काढू लागला की ऐकणाऱ्याचे स्वतःचे वाचन थांबते. तळटीप कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे सांगायचे, तक्त्यातले आकडे कोणत्या क्रमाने वाचायचे ते ठरवायचे, चित्र असेल तर त्यात काय आहे ते दोन वाक्यांत सांगायचे, पानाचा क्रमांक अधूनमधून द्यायचा. अनोळखी गावाचे किंवा माणसाचे नाव आले की उच्चार विचारून घ्यायचा. शेजारी कुत्रे भुंकले की वाक्य पुन्हा वाचायचे. दहा तासांची कादंबरी नव्वद मिनिटांच्या सात कॅसेटींवर जाई. त्या सातांवर क्रमांक ब्रेलमध्ये टोचलेले असत. नाहीतर ऐकणाऱ्याच्या हाती खुनी आधी आणि खून नंतर यायचा.

टपालखात्याचे योगदान

या इतिहासात टपालखात्याचे नाव ठळक अक्षरांत यायला हवे. भारतीय टपालात दृष्टिहीनांसाठीचे साहित्य सात किलो वजनापर्यंत साध्या टपालाने विनामूल्य जाते. ब्रेलचे जाडजूड खंड आणि कॅसेटींची पेटी यांना टपालहंशील लागला असता, तर ग्रंथालय मुंबई-पुण्याच्या वेशीबाहेर पडलेच नसते. या एका सवलतीमुळे गडचिरोलीचा किंवा यवतमाळचा वाचक दादरच्या वाचकाच्या बरोबरीने सभासद होऊ शकला. ऐकून झाले की पत्त्याची चिठ्ठी उलटायची आणि तेच पाकीट परत टाकायचे. सरकारी नियमपुस्तकातल्या चार ओळींनी एवढे मोठे काम क्वचितच केले असेल.

वृत्तपत्र, उच्चशिक्षण आणि महाविद्यालय

पुस्तके येऊ लागली तरी ताजे वाचन नव्हते. आज राज्यात काय घडले हे स्वतःच्या बोटांनी वाचण्याची सोय मराठी दृष्टिहीन वाचकाला नव्हती. ही उणीव पत्रकार आणि रंगकर्मी स्वागत थोरात यांनी भरून काढली. दृष्टिहीन कलावंतांना घेऊन नाटके बसवताना ते ब्रेल शिकले आणि १५ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. महिन्याच्या १ आणि १५ तारखेला निघणाऱ्या या अंकात राजकारण, समाजकारण, आरोग्य, साहित्य, संगीत असे सगळे विषय येतात. दृष्टिहीनांना उपदेश आणि प्रेरणा तेवढी वाचायला द्यावी, हा समज या अंकाने मोडला. स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या मुलांना तर तो चालू घडामोडींचा आधार ठरला.

पुण्यात मीरा बडवे यांनी १९९६ साली सुरू केलेल्या ‘निवांत अंध मुक्त विकासालय’ या संस्थेने वेगळी गरज ओळखली. अंधशाळेतून मूल अठराव्या वर्षी बाहेर पडते. अनेकदा घरी परत जाण्याची वाट बंद असते आणि महाविद्यालयाची पुस्तके ब्रेलमध्ये नसतात. निवांतने या मुलांना जवळ केले, त्यांच्यासाठी उच्चशिक्षणाची पुस्तके ब्रेलमध्ये उतरवली आणि ग्रंथालय उभे केले. अभ्यासाचे पुस्तक परीक्षेआधी हातात पडणे ही डोळस विद्यार्थ्याला गृहीत धरायची गोष्ट. इथे त्यासाठी आख्खी संस्था राबते.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र सुरू झाले. स्वतः दृष्टिहीन असलेले समाजशास्त्राचे प्राध्यापक डॉ. सॅम तारापोरवाला यांनी ते घडवले. संगणकावर पुस्तक स्कॅन करून ते स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रणालीने, ऐकायचे, ही पद्धत या केंद्राने विद्यार्थ्यांच्या रोजच्या वापरात आणली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सुविधा मागताना त्याने हक्काची भाषा वापरली.

कायद्याची भिंत

ही भाषा वापरावी लागली, कारण पुस्तकाची प्रत करण्यातच कायदा आडवा येत होता. छापील पुस्तक दृष्टिहीनांसाठी वेगळ्या स्वरूपात आणायचे तर स्वामित्वहक्क असणाऱ्याची परवानगी लागे. प्रकाशकाला पत्र पाठवायचे, उत्तराची वाट पाहायची, तोवर विद्यार्थ्याचे वर्ष संपायचे. याविरुद्ध २००९ साली देशभर वाचनहक्काची मोहीम उभी राहिली. डेझी फोरम ऑफ इंडिया, झेवियर्सचे केंद्र आणि इतर संस्था तिच्यात होत्या. २०१२ साली स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि दिव्यांग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत करायला, नफा न कमावण्याच्या अटीवर, मोकळीक मिळाली.

पुढच्याच वर्षी, २७ जून २०१३ रोजी, मोरोक्कोतल्या माराकेश शहरात याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. ३० सप्टेंबर २०१६ पासून करार अमलात आला आणि एका देशात तयार झालेले पुस्तक दुसऱ्या देशातल्या दृष्टिहीन वाचकाला पाठवता येऊ लागले. करारात केवळ पूर्ण अंध व्यक्ती नाहीत. अल्पदृष्टी असलेले, अक्षरे उलगडण्याची अडचण असलेले, हातांच्या अपंगत्वामुळे पुस्तक धरता न येणारे, असे सगळे वाचक त्यात आहेत.

कपाटाविना ग्रंथालय

२४ ऑगस्ट २०१६ रोजी केंद्र सरकारने ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केले. डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टीसीएस यांचा त्यात सहभाग आहे. देशभरच्या संस्थांनी आपापल्यासाठी तयार केलेली पुस्तके एका ठिकाणी आली. नाहीतर एकच पुस्तक मुंबईत एकाने, पुण्यात दुसऱ्याने आणि नागपुरात तिसऱ्याने पुन्हा पहिल्यापासून टंकायचे, असा अपव्यय चालू होता. डेझी पद्धतीच्या ध्वनिपुस्तकात प्रकरणावरून प्रकरणावर, पानावरून पानावर जाता येते. कॅसेट मागेपुढे पळवत जागा शोधण्याचा त्रास तिथे संपला. मोबाइलवरचा टॉकबॅक, संगणकावरचा एनव्हीडीए यांसारखे स्क्रीन रीडर विनामूल्य आहेत आणि मराठी वाचतात.

आता अडचण आहे ती मराठी मजकुराचीच. आपली कितीतरी पुस्तके, अंक आणि स्मरणिका जुन्या डीटीपी फॉन्टांत जुळवलेल्या असतात. छापल्यावर अक्षर सुबक दिसते; पण संगणकाच्या लेखी तो निरर्थक चिन्हांचा ढीग असतो. स्क्रीन रीडर तो मजकूर वाचू लागला की ऐकणाऱ्याच्या कानावर बरळणे येते. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर तीच फाइल त्याच क्षणी बोलते, ब्रेलमध्ये बदलते, अल्पदृष्टी वाचकासाठी मोठ्या अक्षरांत दिसते. इंग्रजी पुस्तकाच्या मानाने मराठी पुस्तक दृष्टिहीनांपर्यंत उशिरा पोहोचते, त्याचे एक मोठे कारण हे आहे. ते दूर करायला देणगी लागत नाही, इमारत लागत नाही. प्रकाशकाने आणि जुळाऱ्याने ठरवायचे एवढेच लागते.

गावाच्या वाचनालयाचा वाटा

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला, तेव्हा शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक राज्याचे मुख्यमंत्री होते. त्या कायद्यामुळे खेड्यापर्यंत अनुदानित वाचनालयांचे जाळे पसरले. आज त्यांची संख्या अकरा हजारांवर आहे. इतके मोठे जाळे आणि तिकडे इतका मोठा डिजिटल संग्रह, यांची गाठ मात्र अजून पुरती पडलेली नाही. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्या व्यक्ती पन्नास लाखांहून अधिक नोंदल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेकांना आपण कोणत्याही ग्रंथालयाचे सभासद होऊ शकतो हेच ठाऊक नाही.

म्हणून या इतिहासाच्या शेवटी गावातल्या वाचनालयांना आणि शाळांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. गावात आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर दृष्टिहीन आणि दृष्टी मंदावलेली माणसे किती आहेत, याची एक वही करावी; म्हाताऱ्या माणसांनाही त्यात धरावे. ज्यांच्याकडे दिव्यांगत्वाचा दाखला आहे त्यांची सुगम्य पुस्तकालयात एखाद्या सदस्य संस्थेमार्फत नोंदणी करून द्यावी; ज्यांच्याकडे नाही त्यांना तो काढायला मदत करावी. वाचनालयातल्या एका माणसाने मोबाइलवरचे स्क्रीन रीडर शिकून घ्यावे आणि आठवड्यातला एक तास त्यासाठी राखावा. आणि ज्यांचा आवाज स्वच्छ आहे अशा शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी एखादे पुस्तक नीट वाचून ध्वनिमुद्रित करावे. आपल्या भागातली बोली, इथला गोर-बंजारा समाज, पैनगंगेकाठचे जगणे यांविषयीची पुस्तके मुंबईतला स्वयंसेवक आधी निवडेलच असे नाही. ती आपणच वाचून द्यायला हवीत.

सुरुवात आपल्याच हातात आहे. या स्मरणिकेचा सगळा मजकूर युनिकोडमध्ये जुळवावा, छायाचित्रांखाली वर्णनाच्या दोन ओळी द्याव्यात आणि तिची फाइल दृष्टिहीन वाचकांना विनामूल्य उपलब्ध करून द्यावी, अशी संपादक मंडळाला आग्रहाची विनंती आहे.